चाळिसावं नाव

नव्या बाईंनी टीपॉयवरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं आणि पिशवीतून शाळेचं प्रवेशाचं पहिलं रजिस्टर काढून ठेवलं. हेडक्लार्कांनी ते लगेच ओळखलं. निवृत्त होताना त्यांनी ते शाळेच्या कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, अगदी बेतानं ठेवून दिलं होतं. वीस वर्षं तिथे कुणाचा हात गेला नव्हता. पण शहरातल्या पालिकेच्या शाळांचा इतिहास छापायचं वरून ठरलं, प्रत्येक शाळेकडून एकेक प्रकरण मागवलं गेलं, आणि या शाळेपुरतं ते काम नव्या बाईंच्या गळ्यात पडलं. उत्साही माणसं खणाच्या तळापर्यंत जातात, हा त्यांचा मोठा दोष.

हेडक्लार्क हे काही त्यांचं नाव नव्हे. पण निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना तशीच हाक मारायची आणि ते ओ द्यायचे. आत त्यांची लेक चहा टाकत होती. ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या मोठ्या बाई. शुक्रवारी तिला अठ्ठावन्न पूर्ण होत होती आणि त्याच दिवशी ती निवृत्त होणार होती. अजून दोन वर्षं मिळाली असती तर यंदाची पहिलीची पोरं तिसरीत गेलेली बघितली असती, असं ती महिनाभर सारखं म्हणत होती. ती हे म्हणाली की हेडक्लार्क उठून गॅलरीत जायचे.

"पहिल्याच दिवशी चाळीस मुलं," नव्या बाई म्हणाल्या. "कशी जमवलीत हो?"

हे सांगायला हेडक्लार्कांना आवडायचं. कालव्याच्या अलीकडे तेव्हा एकही शाळा नव्हती. पालिकेचा नियम असा, की सहा वर्षं पूर्ण झालेली चाळीस मुलं दाखवा, शाळा घ्या; एकोणचाळीस भरली तर शाळा पुढच्या वस्तीला. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे कारकून. महिनाभर दारोदार फिरले. कुणी म्हणे पोरगी गेली तर धाकट्याला कोण सांभाळेल, कुणी म्हणे शिकून काय दिवे लावणार आहे. त्यांनी कुणाच्या हातापाया पडून, कुणाला चार शब्द सुनावून पोरं मिळवली. शाळा भरली ती एका कोठाराच्या माडीवर; खाली धान्याची पोती, वर पाढे. पुढे इमारत झाली, सातवीपर्यंत वर्ग झाले. सांगता सांगता ते खुलले आणि घटकाभर रजिस्टर विसरले.

नव्या बाई मात्र विसरल्या नव्हत्या. त्यांनी पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"हे चाळिसावं नाव मोठ्या बाईंचं. पालक म्हणून तुमचीच सही आणि कारकून म्हणूनही तुमचीच. मी इथूनच सुरुवात करणार आहे. ज्यानं शाळा उभी केली, त्यानं आपली मुलगी तिथेच घातली."

स्तुतीनं माणूस सुखावतो म्हणतात. हेडक्लार्कांनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला. त्यात नव्या बाईंनी पिशवीतून एक फोटो काढला, त्याच पहिल्या दिवसाचा. मुलं तीन रांगांत उभी होती आणि पुढे शिपायाच्या मांडीवर एक चिमुरडी बसली होती, अंगठा तोंडात.

"एकच शंका आहे. यात बाई सहा वर्षांच्या वाटत नाहीत."

"अंगानं किरकोळ होती," हेडक्लार्क म्हणाले. बावन्न वर्षं हेच उत्तर तयार होतं, आपोआप बाहेर पडलं. पण त्यांची नजर पडद्याकडे गेली.

पडदा सरकवून लेक ट्रे घेऊन आली. ती हसत होती.

"किरकोळ कसली, ढ होते मी. पहिलीत तीन वर्षं काढली. म्हणून तर पहिलीचा वर्ग मी दुसऱ्या कुणाला देत नाही. पाठ आहे मला."

हा तिचा ठरलेला विनोद. दर वर्षी नव्या पालकांना ती तो ऐकवायची, पालक हसायचे, भिडस्त पोरांना धीर यायचा. हेडक्लार्क कधी हसले नव्हते. त्यांना संध्याकाळचा दिवा दिसायचा, पाटी दिसायची, आणि बोटांतून पुन्हा पुन्हा निसटणारी पेन्सिल. ते पट्टीनं तिच्या बोटांवर मारायचे. एवढ्याशा बोटांना हे झेपणार नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तपासनीस साहेब पुन्हा येतील, पोर बावळटासारखी बघत राहील आणि सगळं बिंग फुटेल, ही धास्ती हातात पट्टी देत होती. बायको पोरीला उचलून आत न्यायची. आणि साहेब त्यानंतर वर्षभरात एकदाच आले, तेही पाच मिनिटं, पोरांकडे न बघता पायऱ्या मोजून गेले.

"मग असंच लिहू का?" नव्या बाईंनी पेन उघडलं. "मुलगी अभ्यासात मंद होती, तरी वडिलांनी शाळा सोडवली नाही, आणि पुढे तीच मुख्याध्यापिका झाली. वाचणाऱ्याला हुरूप येईल."

"लिहा की," लेक म्हणाली. "खरंच आहे ते."

झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरीच्या कागदांवरची जन्मतारीख आता ब्रह्मदेव आला तरी बदलायची नाही. हेडक्लार्कांनी स्वतः कितीजणांना तसं सांगून परत पाठवलं होतं. बोलून तिला एक दिवससुद्धा मिळणार नव्हता. पण ते वाक्य छापून शहरभर जाणार होतं.

"तसं लिहू नका," ते म्हणाले. "ती चार वर्षांची होती. पुरती चारसुद्धा नव्हती."

आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही हे ओळखून ते बोलत राहिले. एकोणचाळीस झाली होती. सकाळी दहाला साहेब येणार होते. तुमच्या पोराचं वय खोटं लावा, असं दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? आपली घरात झोपली होती. दोन वर्षं वाढवली. तारीखही वेगळीच लावली. जन्माचा दाखला फाडून चुलीत घातला. पोर कुणासमोर बोलून जाईल म्हणून खरा दिवस घरात उच्चारायचा नाही, अशी बायकोला ताकीद दिली. तिनं ती शेवटपर्यंत पाळली.

लेक ट्रे घेऊन तशीच उभी होती. हेडक्लार्क वाट पाहत होते. ती हातातून गेलेल्या दोन वर्षांचं बोलेल, पोरांचं बोलेल, शुक्रवारचं बोलेल. त्या सगळ्याची उत्तरं त्यांनी रात्र रात्र जुळवून ठेवली होती, आणि एकही धड नव्हतं.

"म्हणजे मी ढ नव्हते?" तिनं विचारलं.

"नव्हतीस गं."

ती खुर्चीवर बसली. फोटो डोळ्यांजवळ धरून तिनं त्या मांडीवरच्या पोरीकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात रडणाऱ्या पोराकडे ती अशीच बघायची.

"बाबा, मग माझी खरी तारीख कोणती?"

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. त्या चाळीस पोरांची नावं ते आजही ओळीनं म्हणून दाखवत. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. आकडे रजिस्टरातलेच येत होते, त्यांच्याच हातचे.

"थंडी संपत आली होती," ते म्हणाले. "तुझ्या आईला माहीत होतं."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. लेकीनं मान हलवली. नव्या बाई पेन मिटून उठायला लागल्या, तेव्हा तिनं त्यांना बसवलं आणि आत्ता ऐकलं तसंच लिहा म्हणून सांगितलं. थंड झालेला चहा बदलून आणला. मग चष्मा लावून शुक्रवारी द्यायचे निवृत्तीचे कागद पुढे ओढले. ती नाव लिहीत गेली, पद लिहीत गेली आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबली.

हेडक्लार्कांनी नजर खाली घातली. थोड्या वेळानं पेन चालल्याचा आवाज आला. त्यांनीच दिलेली तारीख ती लिहीत होती, एकेक आकडा सुटा, फळ्यावर पहिलीच्या पोरांसाठी काढते तसा.