चुन्याचा दगड

मित्रांनो, मी हिंदी मुलखातल्या मदन महालच्या टेकडीवरची एक जुनी पायवाट आहे. मला कोणी बांधले नाही. विदर्भातून आलेली माणसे टेकडीपलीकडच्या कारखान्यात कामाला लागली, सडकेचा वळसा टाळून काळ्या खडकांवरून जाऊ लागली आणि मी तयार झाले. 'वाट मोठी गुणाची' असे ती म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

माथ्यावर मला फाटा फुटतो. कारखान्याकडून येताना उजवीकडे वस्ती, डावीकडे गिट्टीची खोल खदान. मोतीराम नावाचा कामगार दर भीमजयंतीला घराला चुना लावी आणि उरलेला चुना आणून उजवीकडच्या एका दगडाला फासत असे. पांढऱ्या दगडाकडे वळायचे, हे वस्तीतल्या पोरांनाही ठाऊक होते.

एका हिवाळ्यात दयाराम फुलवाल्याने तो दगड पाहिला. रानात एवढा पांढरा दगड म्हणजे देवच, असे त्याला वाटले. देव उघड्यावर नको म्हणून त्याने तो डावीकडच्या झाडाखाली नेला, शेंदराचे बोट लावले, नारळ फोडला. बिचाऱ्याचा भाव खरा होता, पण माझा जीव टांगणीला लागला.

त्याच संध्याकाळी धुके पडले. मोतीरामची लेक प्रतिमा बापाला डबा देऊन एकटी परतत होती. पांढरा दगड दिसला आणि ती डावीकडे वळली. खदान अगदी पुढ्यात होती. मला ओरडता येत नव्हते, मित्रांनो! तेवढ्यात तिच्या पायाला करवंटी लागली. तिने वाकून पाहिले.

"बाबा तं नारळ फोडतच नाही," ती पुटपुटली. "मंग हा दगड इथं काहून?"

ती तशीच माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी मोतीरामने दयारामला खदान दाखवली. दयाराम कडेवरून मागे सरला.

"भैया, मुझे क्या पता था! इसे हटा दूँ?"

"राहू द्या जी, तुमचा देव हाय. शेंदरानं रंगवा त्याले पुरता, पांढरा दिसाले नको. चलो, माह्यासाठी दुसरा दगड उचलू लागा."

तेव्हापासून दोघे दरवर्षी सोबत येत. एकाच्या हाती शेंदूर, दुसऱ्याच्या हाती चुना.

आता ते दोघेही नाहीत. डांबरी सडकेवरून गाड्या धावतात. शेंदराच्या दगडाला अजून कोणी फूल वाहते, माझ्यावर मात्र घाणेरी माजली आहे. परवा प्रतिमा काठी टेकत आली. झुडपांत खूप शोधूनही तिला बापाचा दगड सापडला नाही. चुन्याचा डबा तसाच घेऊन ती परत गेली. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, तुम्ही या. येताना घरात उरलेला चुना आणा. कारखान्याकडून आलात, तर दगड उजव्या हाताला आहे.