शून्यापासून मोजा

संगणकाच्या बाईंचा दहावीच्या वर्गावर राग होताच, पण विज्ञानाच्या बाईंवर त्याहून जास्त. विज्ञानाच्या बाई भर स्टाफरूममध्ये संगणकाच्या तासाला ‘टायपिंगचा तास’ म्हणत. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या चाळीस प्रोग्रॅमांत दोनच चुकीचे निघाले, दोन्हींत चूकही तीच, आणि त्यातला एक विज्ञानाच्या बाईंच्या लेकीचा, तेव्हा संगणकाच्या बाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ‘नक्कल’ असा शेरा मारून त्यांनी दोघींना वीसपैकी शून्य दिलं. गुणांची यादी दुपारी बोर्डाकडे जायची होती. तशीच गेली, तर पोरगी नापास.

चूक म्हटली तर एवढीशी. प्रोग्रॅम वर्गाच्या गुणांची सरासरी काढायचा होता. संगणक यादीतल्या पहिल्याला शून्य नंबर देतो. एकपासून मोजलं की पहिला विद्यार्थी सरासरीतून बाहेर. ‘शून्यापासून मोजा’ असं बाई वर्षभर कानीकपाळी ओरडत होत्या.

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई लेकीला घेऊन तरातरा आल्या. जुनी उणीदुणी निघाली. लॅबमध्ये वर्षभर गेम चालतात इथपासून सुरुवात झाली. बाकीचे शिक्षक डबे खाता खाता कान टवकारून बसले. मुलीने मध्येच वही उघडून संगणकाच्या बाईंपुढे ठेवली.

“बाई, फळ्यावर असंच होतं. आम्ही दोघींनी तेच लिहिलं.”

बाईंनी पाहिलं. मोजणी एकपासून होती. पानाखाली लाल शाईत ‘तपासले’ आणि त्यांचीच सही. त्या दिवशी फळ्यावर लिहिताना घाईत त्याच चुकल्या होत्या.

“मग बाकीच्या अडतीस जणांचं बरोबर कसं?” त्यांनी आवाज चढवून विचारलं.

“वर्गाच्या मॉनिटरने स्वतःचं दुरुस्त केलं. बाकी सगळ्यांनी त्याचं उतरवलं.”

खरंच होतं ते. त्या अडतिसांत एक बिनकामाची ओळसुद्धा सारखी होती. बाईंना ती तपासतानाच दिसली होती, आणि वर्ग एका सुरात शिकला म्हणून त्या हरखल्या होत्या.

कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर ती बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, तिला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिच्यापुढे मान खाली घालण्यापेक्षा मेलेलं बरं.

“मी एवढं साधं चुकेन?” त्या वही मिटत म्हणाल्या. “उतरवताना पोरं काय वाट्टेल ते लिहितात.”

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. विज्ञानाच्या बाईंचा चेहरा उतरला. चारचौघांत झालेल्या शोभेचा राग त्यांनी लेकीवरच काढला. तिचा दंड धरून म्हणाल्या, “माफी माग बाईंची.”

मुलीने वही उचलली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

“चुकलं, बाई. यापुढे तुमचं बघून लिहिणार नाही.”

आईला वाटलं, माफी झाली. शिपाई यादी न्यायला दारात आला होता. संगणकाच्या बाईंनी ती न वाचताच सही केली आणि त्याच्या हातात दिली.