माझ्याकडे येणाऱ्या चारशे बारा वाटा

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. अकरा वर्षे म्हणजे तुमच्यात शाळेचे वय. आमच्यात मात्र एवढ्या वयात पणजी म्हणवून घेता येते. माझ्यावर झगमगाट नाही, गाणी नाहीत. व्हीलचेअर घरच्या घरी कशी दुरुस्त करावी, एवढेच मी सांगते. पण ते अगदी नीट सांगते.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथे ताई व्हीलचेअर दुरुस्त करते. एकदा एक बाई फक्त सैल झालेला ब्रेक आवळून घ्यायला दोन बस बदलून आली. ते पाहून ताई चिडलीच. "एका पान्याचं काम! हे त्यांना घरी जमायला नको?" त्याच आठवड्यात तिने प्रत्येक दुरुस्तीचे फोटो काढायला आणि शेजारी चार सोप्या ओळी लिहायला सुरुवात केली. तिच्या धाकट्या भावाने त्यातून मला घडवले. हा भाऊ कामाला वाघ, पण धीर म्हणून नाही. आई त्याला 'वादळ' म्हणते. फोन घ्यायचे काम आईचे.

हळूहळू मला नाव मिळाले. एका रुग्णालयातल्या परिचारिकेने आपल्या पानावर माझी लिंक दिली, मग एका शाळेने दिली. लिंक म्हणजे दुसऱ्या पानावरून माझ्याकडे येणारी वाट. वाटा वाढल्या तशी शोधयंत्रेही मला वर दाखवू लागली. वर्कशॉपचा फोन दिवसभर वाजे. मला फार अभिमान वाटे, खोटे कशाला बोलू?

दहाव्या वर्षी वादळाला मला नवे रूप द्यायची हुक्की आली. रंग बदलले, अक्षरे बदलली, पानांचे लांबलचक पत्ते कापून सुटसुटीत केले. मी आरशात पाहावे तशी खूश होते. पण महिन्याभरात येणारी माणसे कमी झाली. तीन महिन्यांत फोन इतका गप्प झाला, की आई तो बंद तर पडला नाही ना, म्हणून उचलून पाहू लागली.

वादळाने माझी तपासणी करून घेतली. अहवालात चारशे बारा लिंकांवर लाल खूण होती. जुगाराची पाने, नकली औषधांची पाने, कुठलीतरी बूट विकणारी पाने माझ्याकडे बोट दाखवत होती. एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन वर्कशॉपमध्ये आला.

"ताई, सापडला चोर! या घाणीमुळेच आपण खाली गेलो. शोधयंत्राला यादी पाठवू, की या लिंका आमच्या नव्हेत, त्या मोजू नका. एक बटण दाबलं की झालं."

मित्रांनो, मला ओरडून त्याला थांबवायचे होते. त्या यादीत माझी खरी माणसेही होती आणि मला तर बोलता येत नव्हते.

ताईने हात पुसले. "आपण यातली एखादी तरी विकत घेतली होती? कुणाकडून लावून घेतली होती?"

"छे!"

"शोधयंत्राने काही ताकीद दिलीय?"

वादळाने उघडून पाहिले. "नाही. काहीच नाही."

"मग आपल्याला कशाची भीती?"

आई शेजारून म्हणाली, "रस्त्यावरच्या कुणा लफंग्याने आपल्या घराकडे बोट दाखवलं, म्हणून तो काय आपला जावई होतो?"

"आई, अहवालात लाल आहे गं!"

"अहवालाने खुर्ची उघडून पाहिलीय का?" ताई म्हणाली. "मी पाहिल्याशिवाय एक स्क्रूही फेकत नाही. लाव एकेक."

दोघे पाहू लागले. बहुतेक सगळा कचराच होता. एकशे सत्तराव्या ओळीवर एक भडक हिरवे पान उघडले. फुकटच्या जागेवर बांधलेले, कडेला जाहिराती लुकलुकताहेत, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. "हे तर उघडच भंगार," वादळ म्हणाला. ताईने मात्र मोठ्याने वाचले :

"पत्नीच्या खुर्चीचे पुढचे चाक थरथरे. या ताईंचे वाचून मीच बसवले. आता ती एकटी बागेपर्यंत जाते. ज्यांना गरज आहे त्यांनी इथे दाबा."

ताईने तिथे दाबले. पडद्यावर माझेच अक्षर उमटले : 'हे पान सापडले नाही.'

"अरे, चाकाचं पान कुठे गेलं?"

वादळाचा चेहरा उतरला. "पान आहे गं... मी पत्ता बदलला. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवायचं राहिलं." त्याने परिचारिकेची लिंक दाबली. तेच. शाळेची दाबली. तेच. "ताई, माझंच चुकलं. माणसं येत होती, मीच दारं बुजवली."

"म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!" आई म्हणाली. ताई हसली नाही, पण रागावलीही नाही. "किती पानं आहेत?"

"एकतीस."

"मग बस. एकतीसच्या एकतीस नीट कर. ती यादी मात्र पाठवायची नाही."

त्याने जुना प्रत्येक पत्ता नव्याला जोडला, आणि या खेपेला प्रत्येक वाट स्वतः चालून पाहिली. दोन महिन्यांनी माणसे परतू लागली. जुगाराची पाने आजही माझ्याकडे बोट दाखवतात. दाखवू देत. त्यांच्या बोटाने मी बदनाम होत नाही, हे मला आता पक्के ठाऊक आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो : नको त्या माणसाने आपले नाव घेतले, तर घाबरून साऱ्यांनाच परके म्हणू नका, आधी एकेकाला पाहा. आणि कधी पत्ता बदललात, तर जुन्या दारावर एक चिठ्ठी लावून जा. कुणीतरी लांबून खुर्ची ढकलत त्या दारापर्यंत आलेले असते.