मागची अर्धी चाल

खिशातला तो पितळी तुकडा अजून गारच होता. ट्रंपेटला ओठ टेकायचा तो एवढासा भाग — सुमिए दर सामन्याला घरून निघताना तो कोटाच्या खिशात टाकते आणि मुठीत धरून ऊबदार करत आणते, गार पितळेवर पहिलाच सूर फाटतो म्हणून... पण आज वाटभर मूठ आवळूनही तो गार तो गारच. आपलाच हात गार असेल, तिला वाटलं, आणि त्या विचाराचं तिला उगीच वाईट वाटलं.

खाडीवरचं वारं थेट अंगावर येत होतं. बेसबॉलच्या मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. सहा संघांत आपला पाचवा, आता जिंकलो काय नि हरलो काय. रांगाच्या रांगा रिकाम्या. फक्त इथे, उजव्या कुंपणापलीकडच्या पायऱ्यांवर, ढोल-ट्रंपेटवाल्यांची टोळी नेहमीसारखी उभी होती. आपला फलंदाज मैदानात उतरला की त्याचं स्वतःचं गाणं वाजवायचं, आणि तो बाद झाला की त्या क्षणी थांबायचं — ओळ अर्ध्यावर असली तरी.

"सुमिए, एक सांगायचं राहिलं," टोळीचे म्होरके मुरोई जाकिटाची चेन ओढत म्हणाले. "तोगाशीची चाल पुढच्या वर्षी त्या नव्या पोराला देतोय. शब्द नवे घालू."

"तोगाशी जाणार?"

"अगं, चौतीस वर्षांचा राखीव खेळाडू तो! एप्रिलात आपल्याच दुय्यम संघात धाडला, तो आत्ता परवा परत आणलाय, निरोपापुरता. यंदा एकदा तरी बॅट घेऊन उतरलाय का?" मग जरा थांबून, "आणि ती मागची अर्धी चाल काढून टाकतोय हं. फार संथ आहे, माणूस पेंगतो. इस्त्र्या करून करून तुझी गाणीपण सपाट व्हायला लागलीत!"

सगळे हसले. तीही हसली. लॉन्ड्रीत दिवसभर दुसऱ्यांच्या शर्टांवरून इस्त्री फिरवणारी बाई म्हटल्यावर एवढी थट्टा व्हायचीच.

मागची अर्धी... लोकांना पुढची, सुरुवातीची आवडते, चढत जाणारी, ओळीओळीला तोगाशीचं नाव ठोकणारी. ती तिने त्याच्यासाठीच केली होती. पण मागची — ती इसामु घर सोडून गेला त्या वर्षीची. नवरा जातो म्हणजे काहीतरी व्हायला हवं ना? तो भांडला नाही, आवाज चढवला नाही. चहाचा कप विसळून पालथा घातला आणि "येतो" म्हणाला. तिनेही मान डोलावली, जसा काही कोपऱ्यावरून दूध आणायला चाललाय. निदान तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं, एखादी शिवी तरी... खोलीच्या भिंती पातळ, शेजारी कुरकुरतात, म्हणून ती ट्रंपेट घेऊन नदीच्या बांधावर जायची, आणि तिथे ती चाल उतरत उतरत आली — जे ती बोलली नव्हती ते सगळं. कुणाला सांगितलं नाही. लोक गळा काढून ती गायचे आणि आपण तोगाशीला धीर देतोय असं समजायचे. त्या गर्दीत ती एकटीच असायची, पण तो एकटेपणा निदान मोठ्याने वाजायचा.

यंदा तेही नाही. मार्चपासून एकेका सामन्याला येऊन तिने इतरांची गाणी वाजवली, डोळा मात्र राखीव खेळाडूंच्या बाकावर, त्याला परत आणलंय का ते बघत. तोगाशीची आपल्याला काळजी वगैरे काही नाही, हे आज तिला स्वच्छ कळलं. त्याने चेंडू कुंपणापार वगैरे मारावा असंही नाही. त्याने फक्त तिथे उभं राहावं, चार चेंडू टिकावं, पुढची अर्धी संपून मागची सुरू होईपर्यंत. स्वार्थी आहे मी. असेना.

आठव्या डावात कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं. तोगाशी.

"घे बाई, आला तुझा नवरा!" मागच्या रांगेतली ओकिनो म्हातारी ओरडली. त्याचं नाव आलं की ती वर्षानुवर्षं हेच ओरडत आलीय.

ढोल पडला. पितळ ओठाला लागलं, आणि ते चक्क ऊबदार होतं. पुढची अर्धी चढत गेली, विखुरलेली माणसं जागच्या जागी उभी राहिली. गोलंदाज चेंडू हातात घोळवत होता. घोळव बाबा, अजून घोळव, तुला कुठे जायचंय... शेवटची ओळ आली. वळण आलं. सुमिएने मागच्या अर्ध्या चालीसाठी छाती भरून श्वास घेतला —

टक्.

पहिलाच चेंडू. तोगाशीने पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवली. चेंडू उंच गेला आणि अलगद कुणाच्या तरी हातात उतरला. ढोल थांबला, सगळी ट्रंपेटं खाली आली. तोगाशीने ना बॅट आपटली, ना पंचाकडे वळून पाहिलं; शिरस्त्राण काढून त्याने किंचित मान लववली, आणि बॅट तिच्या जागी नीट उभी करून ठेवली.

श्वास छातीतच होता. पुढच्या फलंदाजाचं गाणं सुरू झालं, मुरोईंनी तिला हाताने खुणावलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला राग आलाय. वाईट नव्हतं वाटत — राग, कानशिलं तापवणारा.

"एक तरी चेंडू सोडायचास की रे मेल्या!" ती ओरडली. "एवढी कसली घाई होती तुला जायची?"

मुरोईंचा हात तसाच हवेत राहिला. ओकिनो म्हातारी खुदकन हसली. "हाण! आणखी बोल!"

तोगाशी केव्हाच आत गेला होता; ढोलाच्या गदारोळात त्याला काही ऐकूही गेलं नसणार. ट्रंपेट उचलायला हवं होतं. ती धापा टाकत तशीच उभी राहिली, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्या खोलीत अजून काय काय ओरडायचंय, ते तिला एकामागून एक आठवायला लागलं... भिंती पातळ असल्या तरी.