चेहऱ्याचं वर्णन

शैलेश तगारेचा चेहरा गेला आणि त्या जागी ‘चित्र’ एवढा एकच शब्द उरला. बघेल त्याला तोच दिसे. बायकोने आठवून आठवून त्याचं वर्णन लिहिलं, पण चेहरा काही उगवला नाही. ज्याने तो कधी पाहिलेलाच नाही, त्याच माणसाने लिहिलेलं वर्णन लागू पडणार होतं. म्हणून तो सांगलीला कुमुदिनी आवटीच्या दारात आला.

आंधळ्या कुमुदिनीने आवाज लगेच ओळखला. काही वर्षांपूर्वी तिला शिक्षकभरतीचा अर्ज यानेच बनवलेल्या वेबसाइटवर भरायचा होता. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, पण अंधांसाठी प्रत्येक चित्राला जोडायच्या वर्णनात या गृहस्थाने ‘चित्र’ एवढंच लिहून काम उरकलं होतं. शेवटी चित्रातली अक्षरं भरायची वेळ आली, तर कॉम्प्युटर नुसता ‘चित्र, चित्र’ करत बसला. तिने फोन केला तेव्हा हा म्हणाला होता, "शेजारीपाजारी कुणाकडून तरी वाचून घ्या ना, मॅडम." शेजारीण येईपर्यंत मुदत संपली. पुढच्या भरतीत तिचं वय बसत नव्हतं. शाळेत शिकवायचं तिने लहानपणापासून मनात धरलं होतं. तेव्हापासून हा माणूस तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

"या, बसा," ती म्हणाली. "सांगा, लिहिते."

"नाक जरा बसकं आहे. डाव्या भुवईवर खोक आहे. मुलगी घाबरते हो मला, जवळच येत नाही."

ती टाइप करत गेली. मधेच तिने हात लावून पाहिलं, तर काचेसारख्या गुळगुळीत जागेवर नाक वर येत होतं, भुवई फुटत होती. तो रडायला लागला. मग कॉम्प्युटर म्हणाला, "चित्रातली अक्षरं भरा. पाच मिनिटं."

"कुठं आहेत अक्षरं?" त्याने विचारलं.

"तुमच्या कपाळावर." तिच्या बोटांना ओली शाई लागली होती.

"आरसा द्या."

"माझ्याकडे आरसा कशाला असेल?"

त्याने मोबाइल समोर धरला, पण मोबाइलला तिथे कुणीच दिसत नव्हतं.

"शेजारीपाजारी कुणाकडून तरी वाचून घ्या ना, सर," कुमुदिनी म्हणाली. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तो धावत बाहेर पडला. तिने आतून कडी घातली आणि दाराला कान लावला.

"काकू, माझ्या कपाळावर काय लिहिलंय, वाचता का?"

समोरच्या काकूंच्या चष्म्याची डबी उघडून टक्कन मिटली.

"चित्र," काकू म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरचं दार वाजलं, मग त्याच्या वरचं. इमारत तीनच मजल्यांची होती. दारं वाजत वर वर जात राहिली, आणि प्रत्येक दारातून तोच शब्द खाली येत राहिला.