गाळाखालची हरळी

कुडपणचा श्रीपत बिरवाडीत रंगाच्या कारखान्यात माळी म्हणून लागला आणि कारखान्याचं फुटबॉलचं मैदान त्याच्या गळ्यात पडलं. चौदा वर्षं त्याने ते पोरासारखं सांभाळलं. हरळी कापायची, लव्हाळा मुळासकट उपटायचा, खड्डे मातीने भरून रोलर फिरवायचा. बायको तुळसा म्हणायची, "घरात पानी नाय आलं तरी चालंल, तुमच्या गवताला आधी हवं."

२००५च्या जुलैत नदी मैदानात शिरली. पाणी उतरलं तेव्हा चार बोटं गाळ राहिला; त्यात मेलेले उंदीर, चपला, कुणाचं तरी दप्तर. साहेब म्हणाले, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू." पण गाळ लगेच निघाला नाही तर खालची हरळी कुजणार, हे श्रीपतला ठाऊक होतं. मजूर मिळेनात. जो तो आपलं घर उपसत होता.

"येतेस का गो?" त्याने तुळसाला विचारलं.

खोलीतला चिखल तसाच टाकून ती आली.

कारखान्याने गमबुटांचा एकच जोड दिला होता. तो श्रीपतने तिच्यापुढे ठेवला. चार पावलं टाकून ती हसायला लागली. "ह्ये माज्या पायात ऱ्हात नाय. तुमीच घाला." त्याने घातले. भेगाळलेल्या टाचांनी ती सहा दिवस घमेली वाहत राहिली.

पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या. ओझ्याने असेल, म्हणून श्रीपतने तेल चोळलं. डोळे पिवळे दिसले तेव्हा महाडला दवाखान्यात नेलं.

"पुराच्या चिखलात अनवाणी होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. "उंदरांमुळे होतो हा ताप. भेगांतून शिरतो."

श्रीपतने चादर ओढून तिच्या टाचा झाकल्या. तिसऱ्या दिवशी तुळसा गेली.

हरळी मात्र जगली. दिवाळीपर्यंत मैदान हिरवंगार झालं.

जानेवारीत सामने ठरले. दासगावला दिलेली मुलगी सुरेखा त्या दिवशी आली होती. साहेबांनी सगळ्यांदेखत श्रीपतची पाठ थोपटली. "या माणसाने एकट्याने मैदान वाचवलं!" टाळ्या पडल्या. एकट्याने नाय, एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघेना.

"बाबा, आयनं कुठला गाळ काढला?" सुरेखाने हळूच विचारलं.

त्याने गोलपासून कोपऱ्यापर्यंत हात केला. मग म्हणाला, "बूट एकच जोड होता, बाय. तो मी घातला."

 सुरेखा चालत गेली आणि तिथल्या गवतात बसली. खेळाडू आत आले, पंचांनी शिट्टी वाजवली.

"अरे, त्या बाईंना बाहेर घे!" साहेब ओरडले.

श्रीपत लगबगीने गेला. तिला उठवायला वाकला आणि तिथेच तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा हात धरला तसा तो हमसून हमसून रडला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. खेळाडू चेंडू घेऊन थांबले.

सामना उशिरा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी श्रीपतने मैदान सोडून गेटवरच्या पहाऱ्याचं काम मागून घेतलं.