लुईबाबाचं पान

भुकेनं मरत हुतं मुडदं! गेल्या सालचा आखाड, आभाळ कोरडं ठाक, उकिरड्यावर खरकट्याचा कन न्हाई. आन् प्रवरेच्या काठाला पत्रावळीवर वाफाळता भात, वर तांबड्या घेवड्याची उसळ. तरी कावळं बाभळीवर बसून नुसतं टकामका बगत ऱ्हायलं. तवाच शिवलं असतं तर माझ्या घरावर ही पाळी आली नसती. कावळा दिसला की माझा हात अजून दगडाकडं जातो.

पन ते पान कुनाचं हुतं ते आदी सांगते. न्हाईतर तुमी म्हनाल, ही चांगुना काय बरळती.

आमचं मालक म्हंजे सूर्यभान मास्तर. कोल्हारच्या बँडात ट्रंपेट वाजवायचे. मी त्येला पिपानी म्हनायची, मंग त्येंचं तोंड फुगायचं. तरुनपनी ते नगरला लष्कराच्या बँडात हुते. तिथं जोडीला योहानमामा, नगरचाच ख्रिस्ती मानूस, मोठा ढोल वाजवायचा. एका गोऱ्या सायबानं जाताना योहानमामाला चावीचा ग्रामोफोन आन् तीन रेकॉर्डी दिल्या. एकीवर एक काळी बाई गायची, दुसरीवर मऊ गळ्याचा एक बाप्या, आन् तिसरीवर लुईबाबा. अमेरिकेतला काळा मानूस, जगात त्येच्यासारखी पिपानी कुनी वाजवली न्हाई म्हनत्यात. त्येचं आडनाव माझ्या जिभंवर बसत न्हाई, म्हनून आमी आपलं लुईबाबा म्हनतो. मालकांनी त्या एका रेकॉर्डीवरनं सारं शिकून घेतलं. वरातीत मधीच त्येची तान सोडायचे, तर नवरदेवाचं घोडं कान टवकारायचं.

लष्करातनं सुटल्यावर दोघांनी हितं बँड काढला. माझा दीर छगन क्लॅरिनेट वाजवायचा. आन् घरात एक इपरीत सुरू झालं. ती बाई मेली तो दिस, तो मऊ गळ्याचा बाप्या मेला तो दिस, दर साली पाळायचे. रेकॉर्ड पुसायची, उदबत्ती लावायची, नारळ फोडायचा, चावी भरून एकदा ऐकायची. योहानमामा डोळं मिटून बसायचा. माझ्या सासऱ्याची तिथी मालक दोनदा इसरले, पन ह्या परमुलखातल्या मड्यांची कधी न्हाई!

मंग लुईबाबा गेला. गुरुपुनवंच्या तोंडावर गेला. योहानमामाच्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली, आन् मालकांनी त्याच दिशी मिशा काढल्या. मी म्हनले, "अवो, त्यो तुमचा कोन?" म्हनाले, "गुरू." आमाला मूलबाळ न्हाई, घरात दोघंच. त्येंचा जीव कशात तरी रमतोय तर रमू दे, असं मला वाटायचं.

वर्स भरल्यावर मात्र त्येंनी रीतसर वर्षश्राद्ध काढलं. भटजींनी गोत्र इचारलं, तर मालक म्हनाले, "सुराचं." भटजी आल्या पावली गेले. मंग भावकीतलं म्हातारं, कारभारीआबा, त्येंना सारं येतं, ते पुढं झाले. योहानमामानं कुठंतरी वाचलं हुतं की लुईबाबाला तांबडा घेवडा आन् भात लई आवडायचा. मी रांधला. असं ते पान.

आन् कावळा शिवंना.

आबा म्हनाले, "सूर्यभान, जीव कशात तरी अडकलाय. शब्द दे त्येला."

मालकांनी हात जोडले. "बाबा, तुझी तान इसरनार न्हाई." कावळा हलला न्हाई.

"दर साली तुझा दिस करीन." न्हाई.

"छगनला शिकवीन. तुझा सूर ह्या गावातनं जाऊ देनार न्हाई." एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारल्या, मान तिरकी केली आन् परत फांदीवर.

योहानमामा म्हनला, "मास्तर, त्यो येशूचा मानूस. त्येला आपल्या कावळ्याचं काय? चला घरी." पन बगायला मानसं जमली हुती, आन् चार लोकांत हार मानतील तर ते आमचं मालक कसले! ऊन डोक्यावर आलं. भात वाळून गेला. शेवटी मालक कटाळून हसले आन् म्हनाले, "एकला पडलास व्हय रं? साथ पायजे? बरं, येतो मीच. पुढल्या तिथीच्या आत येतो तुझ्याकडं."

शब्द तोंडातनं पडायचा अवकाश, कावळा सरळ पानावर आला. त्येच्यामागं दुसरा. बगता बगता पान मोकळं.

कारभारीआबांनी डोईची टोपी काढून छातीशी धरली. मी पुढं झाले आन् म्हनले, "आबा, थट्टेतलं बोलनं धरत न्हाईत." आबा खाली बगून म्हनाले, "पोरी, कावळ्याला थट्टा कळत न्हाई."

घरी येताना कुनी आमच्या बरोबरीनं चाललं न्हाई. मला वाटलं, मालक घाबरलं असतील, त्येंना धीर द्यावा. तर उंबऱ्यात पाय ठिवला आन् ते गुनगुनाय लागले.

दुष्काळ पडला. सारा गाव खडी फोडायला गेला, मीबी गेले. कामावर बाया माझ्याशेजारी बसंनात. तुळशीचं लगीन झाल्यावर थोडीफार लग्नं निघाली, तर लोक छगनला म्हनायचे, "बँड आना, पन मास्तरला आनू नका. मेल्याला बोललेला मानूस हाय." बोललेला मानूस! जितंपनी त्येंना ह्यो शिक्का बसला. आबांच्या नातीच्या लग्नात माझं मालक मांडवाबाहेर लांब, चिंचंखाली बसून ऐकत हुते. मी आबांच्या तोंडावर म्हनले, "मेल्यानं नेलं न्हाई, पन तुमी नेलं की हो!" आबांनी जिलबीचं ताट पुढं केलं. मी ते तिथंच ठिवून आले.

पन लोकांचं मरू दे. मला भ्या वाटायचं ते मालकांचं. त्येंना दुक म्हनून न्हवतं. लाल कोट, झुपकेदार टोपी, सारं छगनला देऊन टाकलं. जेवन निम्म्यावर आनलं, मंग पाव भाकरीवर. दवाखान्यात नेलं तर डाक्टर म्हनाला, आजार काईच न्हाई, खाऊ घाला. खाऊ घाला! ताट पुढं केलं की म्हनायचे, "लांबचा पल्ला हाय, अंग हलकं बरं." कसं सांगू, लगीनघरात नवरदेव बसतो तसं बसायचे. गुरूनं बोलावलंय, हजारात एकाला बोलावतो, म्हनायचे.

एक दिवस माझा बांध फुटला. "मला इचारलं व्हतं का शब्द देताना? मी मेले का हुते? जितीजागती तुमच्या मागं उभी हुते!"

तर ह्ये म्हनाले, "तुला छगन संबाळील की."

मारलं असतं तर एवढं लागलं नसतं. सोळा वर्सं ह्या मानसाच्या पिपानीचं पितळ राखंनं घासलं, आन् ह्येंना माझ्यापरीस ते मडं जवळचं!

माघ गेला, फागुन गेला. मालकांच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा झाल्या. योहानमामा रोज येऊन प्रार्थना करायचा, मालक त्येलाच थोपटायचे. जेष्ठ सरत आला आन् ते उठून बसंनात. तिथी पंधरवड्यावर आली.

अवसंच्या सकाळी मी घेवडा रांधला, भात केला आन् कुनाला न सांगता घाटावर गेले. बायामानसानं पान ठिवायचं नसतं, म्हाईत हाय मला. पान मांडलं आन् बाभळीकडं बगून म्हनले, "लुईबाबा, मला तुझी भाषा येत न्हाई, तुला माझी येत नसंल. पन त्यो शब्द माघारी दे."

कावळं बसले हुते. हलले न्हाईत.

"भगवतीला साडी नेसवीन." न्हाई. "जलमभर चप्पल घालनार न्हाई." न्हाई. "ती रेकॉर्ड रोज लावू देईन, तोंडातनं शब्द काढनार न्हाई." न्हाई.

मंग माझं डोस्कं फिरलं. म्हनले, "सारं जग तुला ऐकतंय, लाखो मानसं तुझ्या नावानं रडली, आन् तुला माझाच एकुलता एक मानूस पायजे व्हय रं भाड्या?" आन् तशीच मांडी घालून बसले, पान पुढ्यात वढलं आन् खायला लागले. व्हय, मेल्याच्या पानावरचा घास मी खाल्ला. "घे! मी शिवले पानाला! कुनाला न्यायचंच असंल तर मला ने. त्येंच्या जागी मी येते. पन त्येंचं नाव सोड."

दुसरा घास उचलनार तोच माझ्या हाताला वारं लागलं. कावळा पानात उतरला हुता. माझी बोटं भातात, आन् त्येची चोच बोटांच्या शेजारी. त्येनं घास उचलला, माझ्याकडं एकदा बगितलं आन् उडून गेला.

घरी आले. लपवायचा मला कटाळा. खाटंपाशी उभी ऱ्हाऊन सारं सांगितलं. म्हनले, "आता तुमी मोकळं."

उठून बसायची ताकद नव्हती तो मानूस खाटंवरनं खाली आला. माझं तोंड दोनी हातांनी धरलं आन् वरडाय लागला, "थुंक! आदी थुंक ते!" मिठाचं पानी पाजलं, घशात बोटं घातली. मला उलटी झाली, तरी सोडंनात. शेवटी माझ्या पायापाशी बसले आन् ढसाढसा रडले. "मी काय केलं गं, काय केलं मी?" लुईबाबासाठी रडले नव्हते एवढे रडले. छगन दारात येऊन उभा ऱ्हायला आन् तसाच मागं फिरला.

त्या सांजंला मालकांनी दोन भाकरी खाल्ल्या. म्हनाले, "मला अंगात जोर पायजे, तुला राखायचंय."

तवापासनं ते मला पानी भरू देत न्हाईत, इळा हातात घेऊ देत न्हाईत, सरपनाला जाऊ देत न्हाईत. स्वता चार वेळा घाटावर पान ठिवून आले. बाभळीखाली डोस्कं टेकून म्हनाले, "माझाच शब्द खरा धर, मीच येतो." योहानमामा संगं गेलता, त्येनं सांगितलं. पान दिसभर तसंच ऱ्हायलं. त्या बाभळीवर आता कावळा म्हनून बसत न्हाई. गावात म्हनत्यात, सौदा झालेला हाय, आता ते कशाला येतील?

उद्या तिथी. मालक उंबऱ्यात आडवं बसल्यात. घटकाघटकाला आत बगून हाक मारत्यात, "चांगुने, हायस ना?" मी म्हनते, "हाय." लगीन झाल्यापासनं ह्या मानसानं मला 'अगं ए' शिवाय हाक मारली न्हवती. रातीला माझा हात हातात धरून निजत्यात. परवा माझ्या केसांतला गुंता सोडवून दिला.

अवसंला घाटावर बोलले तवा मला जिवाची काय पर्वा हुती? कुनासाठी जगायचं हुतं? आता सकाळपासनं माझं हातपाय गार पडल्यात. भ्यानं पडलेत का दुसऱ्या कशानं, ते कळत न्हाई, आन् मालकांना सांगायची हिंमत हुईना. पदरात हात गुंडाळून बसलीया.

आता मला जायचं न्हाई हो.